पूर्वेची गॅलरी

पोलीस लाईन, कोल्हापूर
२२ नोव्हेंबर १९९८

चि. विद्याश्रीला रुद्राप्पामामाचा आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तिकडं दुपारी चारलाच अंधार पडतोय हे मामीला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, मग पोरगी जेवत्या कवा? तेवढं आदी कळीव. दिवाळीत कुरुंदवाडला तुझ्या आईकडं जाऊन आलो. आक्काचा गुडघा दुखतोय, पण मळ्यात जायचं काय थांबत न्हाय.

लाईनीत समदी इचारत्यात, हवालदार, भाची विलायतेत काय शिकत्या? मी सांगतो, गर्दी भांडती का, त्येचा अभ्यास. परवा आमच्या साहेबांस्नी बी सांगितलं. ते हसाय लागले. म्हणाले, "त्यासाठी विमानात कशाला बसायचं? तुमच्याबरोबर बंदोबस्ताला उभी केली असती." मी बी हसलो. पण खरं सांगू? मला बी न्हाय कळलेलं. दाजी गेल्यावर तुला माझ्या घरात वाढवली, शिकवली. एवढी हुशार पोरगी, आणि तू निवडून निवडून गर्दी निवडलीस. गर्दीला डोकं असतंय व्हय, त्येचा अभ्यास कराय?

फुटबॉलचा सीझन सुरू झालाय. आता पावसाळ्यापतोर आमच्या रजा बंद. औंदा बी सगळ्यांची नजर चिंचेखालची तालीम आणि विहिरीकडची तालीम ह्यांच्यावरच हाय. दोन पेठा, दोन संघ. म्याच असली की चिंचेखालचे पूर्वेच्या गॅलरीत, विहिरीकडचे पश्चिमेच्या, आणि मधी आम्ही, काठ्या घेऊन.

आपली लाईन चिंचेखालच्या पेठेत, तवा आमचा बस्या पूर्वेच्या गॅलरीत. दिवसभर फौंड्रीत राबतोय आणि म्याचला गळ्यात हलगी अडकवून सगळी गॅलरी नाचवतोय. हवालदाराचा पोरगा! गेल्या सीझनला दगड पडले, साहेबांचा हुकूम झाला आणि आम्ही ती गॅलरी वरपास्नं खालपतोर झोडपून रिकामी केली. त्यात बस्याच्या दोस्ताचं, सयाजीचं, खांद्याचं हाड मोडलं. तवापास्नं बस्या माझ्याशी बोलत न्हाय. "अव्वा, अप्पांना सांग" म्हणतोय आईला. मी म्होरं बसलेला असताना.

असू दे. तब्येतीला जप.

तुझा मामा


इंग्लंड
१३ डिसेंबर १९९८

प्रिय मामा, शरणु शरणार्थी.

मामींना सांगा, मी वेळेवर जेवते. ज्वारी मिळत नाही, म्हणून मक्याच्या पिठाची भाकरी थापून पाहिली. ती तव्यावरच तुटली, पण चटणीशी खाल्ली. इथं सगळं छान चाललंय, काळजी करू नका.

साहेब हसले ते वाचून मीही हसले. त्यांचं बरोबर आहे, मी बंदोबस्ताला उभी राहिले असते तर पुष्कळ शिकले असते. पण तुमच्या बाजूने उभी राहून गर्दीची एकच बाजू दिसते, मामा. म्हणून मी इथं गर्दीत जाऊन बसते. माझ्या मार्गदर्शक बाईंनी तेच काम दिलंय. गावच्या संघाच्या मॅचला जायचं, लोकांमध्ये बसायचं, नंतर त्यांच्याशी बोलायचं.

गेल्या शनिवारची गोष्ट सांगते. माझ्या शेजारी एक शाळामास्तर होते, साठीचे. थर्मासमधला चहा मला दिला, आईची चौकशी केली. खालच्या बाजूला काही टवाळ पोरं पलीकडच्यांना डिवचत होती. मास्तर आणि आसपासचे सगळे त्यांच्यावर वैतागले होते. "ही कार्टी आमची नव्हेत," म्हणाले. मॅच संपल्यावर बाहेर पडताना कुणीतरी बाटली फेकली आणि पोलिसांनी घोडे घातले. त्या पोरांवर नाही, सगळ्यांवर. भिंतीशी आम्ही चेंगरलो. मास्तरांचा थर्मास पायाखाली फुटला. आणि मामा, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, त्याच मास्तरांनी खाली पडलेली बाटली उचलली आणि पोलिसांकडे भिरकावली. ती टवाळ पोरं आता त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभी होती.

आमच्या विषयात जुनं मत तुमच्यासारखंच होतं, गर्दीत शिरलं की माणसाचं डोकं जातं. आता काही जण वेगळं सांगतात. डोकं जात नाही. 'मी' जरा मागे सरतो आणि 'आम्ही' पुढे येतो. आणि 'आम्ही' म्हणजे कोण, ते समोरचा आपल्याशी कसा वागतो त्यावर ठरतं. मास्तरांना त्या पोरांमध्ये पोलिसांनी नेऊन बसवलं.

पूर्वेच्या गॅलरीत दगड मारणारे किती असतील? मूठभर. बाकीचे बस्यासारखे. सगळ्यांना मारलं की सगळे एक होतात.

बस्यावर रागावू नका. तो तुमचाच मुलगा आहे, तुमच्यासारखाच हट्टी.

तुमची विद्या


पोलीस लाईन, कोल्हापूर
१० जानेवारी १९९९

चि. विद्याश्रीला आशीर्वाद.

सदर पत्र मिळाले. मास्तराचा मजकूर वाचला.

तुझ्या मास्तरानं बाटली मारली ती मास्तराची चूक. पोलिसानं त्येच्या हातात दिली नव्हती. गेल्या ऐतवारी हितं लीगची म्याच झाली. पश्चिमेच्या गॅलरीतनं एक नारळ आला, नारळ! देवाचा. आमच्या एका पोराच्या पाठीत बसला. मग आम्ही काय करायचं हुतं? नारळवाल्याचं नाव-गाव इचारत बसायचं? हजारो माणूस, सगळी तोंडं सारखीच, सगळी वरडत्यात. काठी उचलली की हलत्यात. न्हाय उचलली की अंगावर येत्यात. एवढंच मला ठावं.

तू रागाला येऊ नगंस. मी आजपतोर तुला बोललो न्हाय, आज लिवतो. तुझ्या बापाला गर्दीनं खाल्लं. नदीकाठच्या त्या जत्रेत दाजी गेले तवा मी आजऱ्याला ड्यूटीवर हुतो. तार आली. कुरुंदवाडला आलो तर आक्का भिताडाला पाठ लावून बसलेली, आणि तू तिच्या मांडीवर, अंगावर एक ओरखडा न्हाय. नऊ वर्साची. मी त्या दिवशी ठरवलं, ही पोरगी माझी. आणि दुसरं ठरवलं, गर्दीवर इस्वास ठेवायचा न्हाय. तवापास्नं देवळात सुदीक मी मागं उभा राहतो, दाराजवळ.

तवा गर्दीला 'आम्ही' बिम्ही असतंय असं मला सांगू नगंस बाळा. मला न्हाय सोसत.

मामीनं मेतकूट केलंय. कुणी येणारं असलं तर धाडतो.

मामा


इंग्लंड
३१ जानेवारी १९९९

प्रिय मामा,

तुमचं पत्र वाचून मी दोन दिवस विद्यापीठात गेले नाही. रागाने नव्हे. तुम्ही माझ्या अप्पांबद्दल कधी बोलत नव्हता, म्हणून मीही कधी बोलले नाही. आईशीसुद्धा नाही. आज बोलते.

अप्पा आणि मी घाटाकडे उतरत होतो. खाली लाकडी फाटक होतं, अरुंद, बैलगाडी जेमतेम जाईल एवढं. सकाळची वेळ. पुढे कुणीतरी पडलं असावं. पुढच्यांना ते दिसत होतं, मागच्यांना नाही. मागे वरच्या बाजूला पोलीस होते. रांग हलत नाही म्हणून ते मागच्यांना काठीने पुढे ढकलत होते. "चला, चला" असा आवाज मला अजून ऐकू येतो. त्यांनाही दिसत नव्हतं, मामा. कुणी कुणाला सांगतच नव्हतं. तुम्ही त्याच खात्यात, म्हणून हे मी कधी तोंडातून काढलं नाही.

अप्पांनी मला उचललं आणि डोक्यावर धरलं. मग म्हणाले, "ह्यांच्याकडं जा." समोर एक मिशाळ माणूस होता, त्याने मान वळवून हात वर केले. तो ओरडला, "पोरगी हाय, पोरगी हाय, म्होरं घ्या!" आणि मग सगळीकडून तेच ऐकू येऊ लागलं, "पोरगी हाय, पोरगी हाय." मी हातांवरून गेले. एका हाताला हळदीचा वास होता, एकाला तंबाखूचा. एका बाईने मला पुढे देताना माझा फ्रॉक नीट खाली ओढला. त्या बाईला स्वतःला श्वास घेता येत नव्हता, आणि तिने माझा फ्रॉक नीट केला. शेवटी कुणीतरी मला फाटकावरून पलीकडे उतरवलं. मी मागे पाहिलं तेव्हा अप्पा दिसले नाहीत.

त्यातलं एकही माणूस माझ्या ओळखीचं नव्हतं. कोण जगलं, कोण गेलं, मला माहीत नाही.

तुम्ही म्हणता गर्दीने अप्पांना खाल्लं. मला ते फाटक आठवतं, आणि मागची ती काठी. गर्दीने तर मला वाचवलं. माझ्या अंगावर ओरखडा नव्हता ना? तो का नव्हता, ते मी शिकायला आलेय.

तुम्हाला दुखवायचं नाही. पण हे तुम्हाला माहीत असायला हवं.

विद्या


इंग्लंड
७ मार्च १९९९

प्रिय मामा,

महिना उलटून गेला. तुमचं पत्र नाही. असं कधी झालं नव्हतं.

काठीचं लिहायला नको होतं का? तुम्ही त्या जत्रेत नव्हता. तुम्ही असता तर ढकललं नसतं, हे मला ठाऊक आहे. लिहिताना मला वाटलं होतं, तुमच्या मनावरचं ओझं थोडं हलकं होईल. उलट झालं असेल तर माझं चुकलं.

नुसतं "पत्र मिळाले" एवढं लिहा. रागाने लिहिलंत तरी चालेल.

विद्या


पोलीस लाईन, कोल्हापूर
२१ मार्च १९९९

विद्या, मी शांतव्वामामी बोलतो, बस्या लिवतोय. मला मराठी लिवायला जमत न्हाय हे तुला म्हाईतच हाय, कानडीत लिवलं तर तू वाचणार न्हाईस.

मामा तुझ्यावर रागावलेला न्हाय. त्येनं आम्हाला शपथ घातली हुती, विद्याला कळवायचं न्हाय. पण तुझं पत्र आलं, आणि मी म्हणालो, शपथ गेली उडत. मामाला दगड लागला. सेमीफायनलला. उजव्या भुवईवर. टाके पडले. डोळा वाचला, शिवाची कृपा. आता बरा हाय.

(ताई, मी बस्या. अव्वा अर्धंच सांगायल्या. दगड आमच्या गॅलरीतनं आला. कुणी मारला मला दिसला न्हाय. अप्पा खाली पडलेलं मात्र दिसलं. मी हलगी टाकून जाळीवरनं उडी मारली. पोलिसांस्नी वाटलं मी मारायला आलोय. "माझा बाप हाय त्यो" म्हणून वरडत हुतो, कुणाला ऐकू जातंय? डावा हात मोडला. मग सगळी गॅलरी पेटली. ज्यांनी जन्मात खडा उचलला न्हाय त्यांनी खुर्च्या उपटल्या. माझ्यासाठी. ताई, मला त्येचं बरं वाटलं आणि भीती पण वाटली.)

काय लिवतोयस रं एवढं? मी एवढं बोललो न्हाय. विद्या, आता घरात दोन बँडेजवाले हायती. एका खोलीत दोन खाटा. दोघंबी माझ्याशीच बोलत्यात. पण परवा मी पाणी भरून आलो तर बघतोय काय, मामा ताटात भाकरी कुस्करून, दूध घालून, कालवून बस्याच्या म्होरं सरकवायलाय. आणि ह्यो बी गपगुमान खातोय.

(खरं हाय. मीठ जास्त घातलं हुतं.)

तुझं जत्रेचं पत्र आलतं त्या दिवशी मामा जेवला न्हाय. संध्याकाळी एकटाच पंचगंगेवर जाऊन बसला. आल्यावर मला म्हणाला, "शांता, पोरीचा फ्रॉक नीट केला म्हणं कुणीतरी." आणि रडला. लगीन झाल्यापास्नं मी त्येला रडताना बघितला नव्हता.

तू जेवत जा.

मामी, आणि बस्या


पोलीस लाईन, कोल्हापूर
११ एप्रिल १९९९

चि. विद्याश्रीला आशीर्वाद.

मामीनं सगळं सांगितलं म्हणं. लाईनीतल्या बायकांच्या पोटात काय राहत न्हाय.

टाके काढले. भुवई जरा वाकडी बसल्या. तू माफी मागितलीस ते वाचून मला लई वंगाळ वाटलं. माफी कशाची? पत्र लिवायला बसलो की त्या फाटकापाशीच यायचो आणि पेन थांबायचं. मी माझ्या नोकरीत किती डाव मागनं "चला, चला" म्हणून ढकलली असतील माणसं. म्होरं काय हाय ते बघितलं न्हाय.

खाटेवर पडून एकच इचार केला. बस्या माझ्यासाठी आला हुता आणि आमच्या पोरांनी त्येला मारला. ती पोरं वाईट न्हाईत. त्यास्नी सगळी गॅलरी एकच माणूस दिसली. मला बी तशीच दिसायची.

आता ऐक. मे महिन्यात फायनल हाय. चिंचेखालची आणि विहिरीकडची. वरनं निरोप आला, प्रेक्षक न घेता खेळवा न्हायतर रद्द करा. मी साहेबांकडं गेलो. म्हणालो, "साहेब, रद्द केली तर दोन्ही पेठा रस्त्यावर भांडतील. माझी भाची हेच शिकत्या. एक डाव तिचं ऐकू." साहेब म्हणाले, "हवालदार, डोक्याला लागलंय तुमच्या." मी म्हणालो, "व्हय साहेब, लागलंय म्हणूनच आलोय." साहेब मग म्हणाले, "पूर्वेची गॅलरी तुमची. दगड पडला तर पाच मिनिटं देतो. सहाव्या मिनिटाला माझा हुकूम."

तवा सांग, काय करायचं? पुस्तकातलं नगं. कोल्हापुरातलं सांग.

मामा


इंग्लंड
२४ एप्रिल १९९९

प्रिय मामा,

तुमचं पत्र हातात घेऊन बसले आणि पहिल्यांदा भीती वाटली. आजवर मी फक्त पाहिलंय. करून कुणी दाखवलेलं मी अजून पाहिलं नाही. तुम्ही काठी खाली ठेवलीत आणि दगड आला तर? दुसरा डोळा? माझ्या शब्दावर तुम्ही उभे राहणार, याने माझी झोप उडालीय.

आणि एक लपवलं होतं ते सांगते. इथं सगळं छान चाललेलं नव्हतं. जानेवारीत विभागाने सांगितलं की माझ्या कामात दम नाही. तुमचं ते अप्पांबद्दलचं पत्र आलं तेव्हा मी सगळं सोडून परत यायच्या विचारात होते. तुम्हाला जत्रेचं लिहिलं आणि लिहिता लिहिता मलाच कळलं मी इथं का आले. म्हणून राहिले.

आता तुमच्या प्रश्नाचं. मला वाटतं ते सांगते, पण शेवटचा शब्द तुमचा आणि बस्याचा. मॅचच्या आधी दोन्ही तालमींच्या लोकांना भेटा. तंबी द्यायला नव्हे, विचारायला, की तुम्हाला मॅच कशी बघायचीय. हलगी हवी असेल तर वाजू द्या. झेंडे आणू द्या. काय चालणार नाही तेही तोंडावर सांगा, आणि का ते सांगा. तुमचे पोलीस दुपारपासूनच जोडीजोडीने लोकांमध्ये फिरू देत, साध्या टोपीत. दगड यायच्या आधी ओळख व्हायला हवी, नंतर होत नाही. बाहेर जायची दारं सगळी उघडी ठेवा. काही झालं तर भोंग्यावरून सांगा काय झालंय, लोकांना अंधारात ठेवू नका. आणि एकाने दगड मारला तर त्या एकाकडेच जा. गॅलरीला तुम्ही शत्रू वाटला नाहीत तर ती त्याला पाठीशी घालणार नाही. असं मला वाटतं. खात्री नाही.

हेल्मेट मात्र जवळ ठेवा. हे भाची म्हणून सांगते.

विद्या


पोलीस लाईन, कोल्हापूर
३० मे १९९९

चि. विद्याश्रीला रुद्राप्पामामाचे अनेक आशीर्वाद.

बसून सगळं सविस्तर लिवतो.

तुझं पत्र आल्यावर मी ते बस्याच्या म्होरं ठेवलं आणि म्हणालो, "वाच. आणि मला सांग ह्यातलं काय जमंल." वर्साभरात पहिल्यांदा मी त्येला थेट बोललो. त्येनं वाचलं. म्हणाला, "अप्पा, विहिरीकडच्या कुतुबुद्दीनभाईला भेटाय लागंल." पश्चिमेची गॅलरी त्या बेकरीवाल्या भाईच्या शब्दावर चालती, त्येचा ल्योक त्यांच्याकडनं खेळतोय. मी निरोप धाडला, ठाण्यात नगं, घरी या. भाई आला, एक पाव-बटरचा पुडा घेऊन. मामीनं गव्हाची गोड हुग्गी वाढली. तासभर भाई आणि बस्या गेल्या धा वर्सांच्या म्याचा काढून भांडले. मी मधी पडलो न्हाय. मग भाई वाटी खाली ठेवून म्हणाला, "हवालदारसाब, आमच्या पोरांस्नी एकच राग हाय. तुम्ही आमच्याकडं तोंड करून उभं राहताय, जनावरं राखल्यासारखं. म्याच बघा की आमच्याबरोबर." मला हसू आलं. पण बरोबर हुतं त्येचं.

फायनलच्या दिवशी हेल्मेटं गाडीत ठेवली. (तू रागाला येशील.) आमची पोरं दुपारपास्नं गॅलरीत दोघंदोघं फिरली. पहिल्यांदा कुणी बोलंना. मग एका म्हाताऱ्यानं जाधव शिपायाला शेंगा दिल्या, आणि तिथनं सुरू झालं. "काय पावणं, कुणीकडचं गाव?" असं. बस्याची हलगी वाजत हुती, मोडलेला हात जपत जपत. सगळी दारं उघडी. साहेब खाली मैदानात घड्याळ बघत.

पहिला हाफ बरा गेला. दुसऱ्या हाफात बरोबरी असताना रेफ्रीनं आमच्या, म्हंजे चिंचेखालच्या इरुद्ध पेनल्टी दिली. गोल झाला. गॅलरी उठली, विद्या. मला तो आवाज ठावा हाय. आणि दगड आला. मैदानात पडला, कुणाला लागला न्हाय. साहेबांनी माझ्याकडं बघितलं. शिट्टी त्यांच्या तोंडात हुती.

मी भोंगा घेतला. म्हणालो, "एक दगड आलाय. कुणाला लागला न्हाय. म्याच बंद पडणार न्हाय. आम्ही कुणाला मारणार न्हाय. मी वर येतोय, एकटा." आणि काठी खाली जाधवाकडं देऊन चढाय लागलो. ह्या एवढ्या माणसात मी काठीबिगर कवा शिरलो नव्हतो.

आणि बस्यानं हलगी थांबवली. ती थांबली की गॅलरी गप हुती. त्यो बाकावर चढून वरडला, "खाली बसा! समदी खाली बसा!" हे कुणी ठरवलेलं नव्हतं, तुझ्या पत्रात बी नव्हतं. आदी त्येच्या जवळचे बसले. मग त्यांच्या मागचे. एकेक ओळ खाली बसत गेली. आणि वरच्या अंगाला एकच माणूस उभा राहिला, हातात दुसरा दगड. सयाजी. ज्येचा खांदा आम्ही मोडलाता.

त्येला पळता आलं असतं, दार उघडंच हुतं. पण हजार माणसं त्येच्याकडं मान वळवून बघाय लागली, आणि त्येचं तोंड रडवेलं झालं. मी त्येच्याजवळ गेलो. माणसं पाय आखडून मला वाट देत हुती. एक पोरगं म्हणालं, "सांभाळून मामा, पायरी तुटल्या." मी सयाजीपाशी उभा राहिलो.

"दे हिकडं," म्हणालो.

"माझा खांदा अजून वर जात न्हाय, हवालदार. फौंड्रीतलं काम गेलं माझं."

"म्हाईत हाय मला."

"मग?"

"मग काय न्हाय. उद्या घरी ये. बस्याची आई हाडाच्या डॉक्टरकडं न्हेईल. आता दे."

त्येनं दगड माझ्या हातात ठेवला आणि खाली बसला. मी बी त्येच्या शेजारी बसलो. खालनं साहेब बघत हुते. शिट्टी वाजली, पण ती रेफ्रीची हुती, म्याच सुरू झाल्याची.

सगळं गोड झालं असं न्हाय, उगंच फुशारकी मारत न्हाय. म्याच सुटल्यावर चौकात दोन्हीकडच्या काही पोरांची झोंबाझोंबी झाली. एका स्कूटरची काच गेली. ज्यांनी केली तेवढीच उचलली, बाकीच्यांस्नी हात लावला न्हाय, आणि बाकीची माणसं बी आपापल्या वाटंनं गेली. साहेब म्हणाले, "नशीब हवालदार तुमचं." मग जाता जाता म्हणाले, "तुमच्या भाचीचा पत्ता द्या." तवा त्यांचं पत्र आलं तर भिऊ नगंस.

चिंचेखालची हरली. एका गोलानं.

बस्या घरी आला न्हाय म्हणून मी ड्यूटी सुटल्यावर तसाच तालमीकडं गेलो. पायरीवर सगळी पोरं बसलेली, सयाजी बी हुता, आणि समदी रडत हुती, लहान लेकरागत. मला वर्दीत बघून कुणी उठलं न्हाय. नुसती जरा सरकली आणि पायरीवर जागा झाली. मी टोपी काढून बसलो. कुणीतरी अर्धा कप चहा माझ्या हातात दिला.

मग मी आणि बस्या घराकडं चालत निघालो. दत्ताच्या देवळापाशी आल्यावर बस्या म्हणाला, "अप्पा, ती पेनल्टी नव्हती."

मी म्हणालो, "अजिबात नव्हती."

"हाताला लागलाच न्हाय बॉल."

"छातीला लागला. मी जाळीजवळनं सरळ बघितला की."

आणि तिथनं लाईनीपतोर आम्ही दोघं त्या रेफ्रीला मोठमोठ्यांदा शिव्या घालत आलो. लाईनीतली माणसं दारात येऊन बघाय लागली. मामी म्हणाली, "अवो, अंगावर वर्दी हाय, जरा हळू." तवा माझ्या ध्यानात आलं. पण बस्या थांबत नव्हता, मग मी तरी कसा थांबू?

तुझा
रुद्राप्पामामा